तक्रारवहीतला उन्हाळा

आमच्या सोसायटीत वॉचमनच्या टेबलावर एक वही असते. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी, सुतळीनं टेबलाच्या पायाला बांधलेली. खरं तर सुतळी पेनाला बांधायला हवी होती. वही आजवर कोणी नेली नाही, पेनं मात्र महिन्याला चार जातात. वहीवर ठळक अक्षरांत 'तक्रारी व सूचना' असं लिहिलंय. पैकी सूचना अजून एकही आलेली नाही.

पाच वर्षांपूर्वी मी बँकेतून निवृत्त झाले आणि पंधरा दिवसांत कमिटीवर गेले. पुण्यात निवृत्त माणसाला सोसायटीची कमिटी टाळता येत नाही. मधुमेहासारखं ते कधी ना कधी निघतंच. पाणी, पार्किंग आणि लिफ्ट ही खाती आधीच वाटून झाली होती. माझ्या वाट्याला बाग आली. म्हणजे ज्या तक्रारीत पान, फूल, पक्षी, किडा, साप किंवा 'कचरा (पाला)' यांपैकी काहीही असेल, तिचं उत्तर पंधरा दिवसांच्या आत शेवटच्या रकान्यात मी लिहायचं आणि खाली सही ठोकायची. बँकेत पस्तीस वर्षं हेच केलेलं असल्यामुळे मला ते जड गेलं नाही.

पावसाळ्यात हे खातं शांत असतं, कारण लोकांना गळतीतून सवड नसते. थंडीत सगळेच खुशीत असतात. मार्च लागला की वही भरायला लागते.

बाग म्हणजे इमारतीच्या मागे, टेकडीकडच्या अंगाला असलेली तीन गुंठे जागा. बिल्डरच्या माहितीपत्रकात तिथे 'लँडस्केप गार्डन' होतं, कारंजं होतं आणि कारंज्यापाशी कुत्रा घेऊन उभी असलेली एक गोरी बाई होती. आमच्या ताब्यात आला तो राडारोडा, फुटक्या फरश्या, पाणी लागून दगड झालेल्या सिमेंटच्या चार गोण्या आणि छातीइतकं काँग्रेस गवत. हे गवत भारतात ठळकपणे नोंदलं गेलं ते १९५५च्या सुमारास, आमच्या पुण्यातच. पुण्यात पहिल्यांदा काय काय झालं याची जी लांबलचक यादी पुणेकर पाहुण्यांना ऐकवतात, तीत हे नसतं. राडारोड्यापलीकडे कुंपणाला लागून एक जुना पांगारा आणि एक कडुनिंब मात्र उभे होते. ते बिल्डरच्या नजरेतून कसे सुटले हे कोडंच आहे.

या जागेचं काय करायचं यावर वार्षिक सभा भरली. एक गट पार्किंगचा, एक लॉनचा. लॉनवाल्यांचं म्हणणं, संध्याकाळी अनवाणी चालता येईल. तीन गुंठ्यांत अनवाणी चालायचं म्हणजे दर वीस पावलांना वळायचं, पण ते असो. तिसरा प्रस्ताव आम्हा चौघांचा होता: देशी झाडं लावू, फुलपाखरं येतील, पक्षी येतील, फार राखावंही लागणार नाही. 'देशी' म्हटल्यावर मागच्या रांगेतून 'मग खर्च कमी येईल' असा आवाज आला आणि सभा पाच मिनिटं हसली.

पुढचा पाऊण तास मात्र ती देशीवरूनच भांडली. गुलमोहर देशी नाही, तो मादागास्करचा, हे मी सांगितलं तेव्हा लोकांनी ऐकून घेतलं. बोगनवेल दक्षिण अमेरिकेची, तेही चाललं. पण पांढरा चाफासुद्धा अमेरिकेकडचाच म्हटल्यावर तळमजल्यावरच्या आजींचा चेहरा पडला. त्या रोज देवाला तोच वाहतात. तेवढ्यात खजिनदारांना चेव आला. ते म्हणाले, मग बटाटा काढा. मिरची काढा. शेंगदाणे, रताळी काढा, साबुदाण्याचा कंदही त्याच खंडातला, तोही काढा. त्यांनी बोटं मोजत मोजत एकादशीचं अख्खं ताट अमेरिकेला परत पाठवलं आणि विचारलं, 'आता उपासाला काय खायचं ते सांगा.' यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. भगर, असं मला रात्री अंथरुणात सुचलं.

ठराव पास झाला तो मुंबईमुळे. मी महाराष्ट्र निसर्ग उद्यानाचा दाखला दिला. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी, जिथे शहराचा कचरा टाकायचे त्या सदतीस एकरांवर झाडं लावून मुंबईनं रान उभं केलं, सालीम अलींच्या हातून तिथे झाड लागलं आणि १९९४ साली ते लोकांना खुलं झालं. आपल्याकडे तर नुसता राडारोडा आहे. मुंबईला कचऱ्यावर जमतं आणि आपल्याला राडारोड्यावर जमत नाही, असं इतिवृत्तात जायला नको, एवढंच मी म्हणाले. एकवीस विरुद्ध नऊ.

झाडं कोणती लावायची ते हळूहळू ठरत गेलं. बहावा, ताम्हण, कडेनं करवंद आणि निर्गुडी, मधे अडुळसा, कोरांटी, धायटी, स्वयंपाकघराच्या बाजूला लिंबू आणि कढीपत्ता. रुई लावावी लागली नाही, ती राडारोड्यातून आपली आपण आली. पहिले दोन उन्हाळे टँकरच्या पाण्यातून झारीझारीनं पाणी घातलं. तिसऱ्या उन्हाळ्यापासून बहुतेकांनी ते मागणंच सोडलं. माळीमामांना मात्र हा सारा प्रकार अजून पटलेला नाही. ते भोरकडचे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं आणि म्हणाले, 'ताई, आमच्या गावाला हे काढायला मजूर लावतो आम्ही.'

आता वही.

मार्चची सुरुवात दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी व्हायची. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर धरणाच्या पाण्याची पातळी सेंटिमीटरमध्ये लिहिलेला माणूस. पहिल्या वर्षीची त्यांची नोंद अशी: '२ मार्च. पहाटे ४.४० पासून कोकिळा सतत ओरडते. बंदोबस्त व्हावा.' मी उत्तर लिहिलं, 'ओरडणारी कोकिळा नसून कोकीळ, म्हणजे नर आहे. मादी ठिपक्याठिपक्यांची, तपकिरी असते व ती असे गात नाही. बंदोबस्त शक्य नाही.' दुसऱ्या दिवशी खाली त्यांचं अक्षर: 'नर असो वा मादी. ४.३५.'

कवींनी शेकडो वर्षं कोकिळेला गायला लावलं, तिथे काकांना काय दोष द्यायचा? पण कवी पहाटे चार चाळीसला कडुनिंबापासून आठ फुटांवर झोपलेले नसावेत. लांबून जी कुहू कुहू ऐकू येते ती जवळून वेगळीच असते. एकेक पट्टी चढवत चढवत तो गडी अशा ठिकाणी जातो, की आता याचं काहीतरी फुटणार असं वाटून आपण पांघरूण घट्ट धरतो. मग अचानक थांबतो. आणि आता पुन्हा केव्हा सुरू होणार या धास्तीनं उरलेली झोप जाते. काका चार वर्षं नेमानं वेळ लिहीत राहिले. चाळीस, पस्तीस, बेचाळीस. ढगाळ असेल तर कंसात 'ढगाळ'.

त्याच कडुनिंबावर कावळ्याचं घरटं असतं. कावळ्याच्या घरट्यात कोकिळेची अंडी, हे आपण चौथीत शिकलो. पण घरटं कशाचं असतं ते कोणी शिकवलं नव्हतं. आमच्याकडचं केबलच्या वायरीचं आहे, मधे कपड्यांचा एक तारेचा हँगर आहे आणि तो कुणाचा यावरून दोन फ्लॅटांत बोलणं बंद आहे. मे महिन्यात पिल्लं झाली की कावळीण खालून जाणाऱ्याच्या डोक्यात टोच मारते. 'कावळा मलाच टोचतो, इतरांना नाही. यात माझी काही चूक नाही, याची नोंद घ्यावी,' अशी एक तक्रार आहे. टोच बसण्याला आपल्याकडे काय काय अर्थ चिकटलेत ते ठाऊक असल्यानं मी उत्तर जपून लिहिलं. पितृपक्षात हेच गृहस्थ गच्चीत पान मांडून काव काव करत तासभर उभे होते, हे मी त्यात घातलं नाही.

एप्रिलमध्ये पाचव्या मजल्यावरच्या मुलाची नोंद येते. तो रात्रपाळी करतो, परदेशातल्या लोकांचे संगणक दुरुस्त करतो आणि दिवसा झोपतो. 'दुपारी १ ते ४ बागेत कोणीतरी पंप चालू ठेवतं. टुक टुक टुक टुक आवाज येतो. कृपया बंद करावा.' मी त्याला खाली बोलावलं. पांगाऱ्याची एक फांदी तेव्हा वठलेली होती, आणि ती तोडावी अशा दोन वेगळ्या तक्रारी माझ्याकडे पडून होत्या. फांदीच्या खालच्या बाजूला, कंपासनं काढल्यासारखं, एक गोल भोक होतं. भोकातून भुसा उडत होता. आम्ही थांबलो. मग एक डोकं बाहेर आलं: कपाळावर लाल टिळा, पिवळा गळा, चोचीच्या मुळाशी राठ मिशा. चिमणीहून थोडा थोराड, हिरवा, मानेत बसलेला, एकंदरीत मालकाच्या तोऱ्यात. त्यानं भुशाची एक चोच भरून खाली टाकली, आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा आत गेला.

'हा पंप,' मी म्हटलं. तांबट त्याचं नाव. कसबा पेठेच्या तांबट आळीत अजून भांडी ठोकतात, तिथे पाच मिनिटं उभं राहिलं की नाव कशावरून पडलं ते वेगळं सांगावं लागत नाही. हिरव्या फांदीत त्याला कोरता येत नाही. त्याला मेलेलं, मऊ पडलेलं लाकूडच लागतं. म्हणजे आमच्या बागेत सगळ्यात जास्त मागणी असलेली वस्तू ही सगळ्यात जास्त तक्रारी असलेली वस्तू होती. ती फांदी डोक्यात पडली तर काय, हा प्रश्न बरोबरच होता. आम्ही तिच्याखालची पायवाट वळवली आणि तिथे करवंदं लावली. करवंदाच्या जाळीतून कोणी चालत जात नाही. मुलानं मात्र कानात घालायचे बोळे विकत आणले, आणि पुढच्या वर्षी त्याची नोंद आली: 'पंपाला पिल्लं झाली आहेत.'

फांदीचा प्रश्न सुटला तरी पाल्याचा सुटत नाही. उन्हाळ्यात बागेत घोटाभर पाचोळा असतो. 'बाग झाडली जात नाही' ही तक्रार दर आठवड्याला येते, वेगवेगळ्या अक्षरांत. पूर्वी पाला गोळा करून सकाळी सकाळी पेटवायचे, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंतचे दमेकरी खोकत उठायचे. ते बंद केलं. आता पाल्यात सातभाई येतात. सातच असतात असं नाही. एकदा मी अकरा मोजले. ते एकेक पान उलटं करून बघतात, त्याखालचा किडा खातात आणि सगळा वेळ भांडतात. अकराच्या सुमारास परळातल्या पाण्यात अंघोळीला येतात तेव्हा तर लग्नघरातल्या मोरीसारखी परिस्थिती असते: एक आत, दोन काठावर, बाकीचे 'आटप' म्हणून कलकलाट करणारे. बाहेर बेचाळीस अंश तापलेलं असताना कुणीतरी अंघोळीवरून भांडतंय हे ऐकून गार वाटतं. परळ रोज घासावं लागतं, नाहीतर डासांची तक्रार येते आणि ती खरी असते.

आता अळ्या. हे प्रकरण मला सगळ्यात अवघड गेलं, कारण इथे लोकांचं चुकत नाही. आपण झाड लावतो, त्याला पानं येतात, पानांना भोकं पडतात. भोक दिसलं की फवारणी, हे आपल्याला घरातूनच शिकवलेलं असतं. फुलपाखरं यावीत म्हणून ठराव मांडणाऱ्यांनाही अळी नको असते. फुलपाखरू हवं पण अळी नको म्हणजे जावई हवा पण व्याही नकोत असं झालं. बहाव्याची कोवळी पानं 'एमिग्रंट' नावाच्या पिवळट फुलपाखराच्या अळ्या खातात. अळी पानाइतकीच हिरवी असते आणि पानाच्या मधल्या शिरेवर अशी आडवी होते की शोधूनही सापडू नये. झाड मरत नाही. महिन्याभरानं नवी पानं काढतं आणि एप्रिल सरता सरता खाली झुंबरं सोडून उभं राहतं. बहावा फुलला की दीडेक महिन्यात पाऊस, असं जुनी माणसं सांगतात. आमच्याकडे तेव्हापासून लोक टँकरचा दर खाली येईल म्हणून वाट बघतात.

कढीपत्त्याची तक्रार चौथ्या मजल्यावरच्या वहिनींची: 'पानांवर पक्षी घाण करतात, फोडणीला घालवत नाही.' मी बघायला गेले. खरंच, पानावर काळी-पांढरी, ओलसर चकाकणारी घाण होती. काडीनं ढकलली तर घाणीला राग आला. तिनं डोकं वर केलं, मानेतून तांबडी दुबेळकी शिंगं बाहेर काढली आणि असा उग्र वास सोडला की वहिनी तीन पावलं मागे गेल्या. ती मॉर्मन फुलपाखराची अळी. लहानपणी पक्ष्याच्या शिटेचं सोंग घेते, कारण शीट कोणी खात नाही. मोठी झाली की हिरवी होते. याच कुळातलं मोठं फुलपाखरू म्हणजे नीलवंत, ब्लू मॉर्मन. २०१५ साली महाराष्ट्रानं त्याला राज्य फुलपाखरू केलं. वळवाच्या एका पावसानंतर आमच्या लिंबावर ते आलं होतं, तळहाताएवढं, काळ्या मखमलीवर निळं. खाली उभ्या असलेल्या सात जणांपैकी सहा जण फोन काढेपर्यंत ते भिंतीपलीकडे गेलं. सातव्या वहिनी होत्या. त्यांनी फोन आणला नव्हता, म्हणून त्यांनी ते पाहिलं.

रुईची गोष्ट सांगितलीच पाहिजे. शनिवारी सकाळी तळमजल्यावरच्या आजी मारुतीसाठी रुईची पानं तोडायला येतात. एक शनिवार त्या माझ्याकडे आल्या त्या परडी अंगापासून लांब धरून. माळ ओवून झाली होती. अकरा पानं, आणि सातव्या पानावर एक अळी. काळे, पांढरे, पिवळे पट्टे, जणू पट्टेवाल्याच्या पोशाखात, आणि पाठीवर काळ्या लवलवत्या शेंड्यांच्या तीन जोड्या. ती निवांत पान खात होती. आजींचा पेच असा: पान खाल्लं गेलंय, म्हणजे ते उष्टं. पण माळ तर मारुतीच्या नावानं ओवली, म्हणजे अळीनं खाल्लं तो प्रसाद. आणि शनिवारी जीव मारायचा नाही. मी त्यांना सांगितलं की रुईचा चीक विषारी, तो पचवून ही अळी स्वतःच कडू होते, पुढे तिचं प्लेन टायगर नावाचं तांबूस फुलपाखरू होतं आणि तेही कडूच, म्हणून एकदा चोच मारलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. दुसऱ्या एका जातीच्या फुलपाखराची मादी तर फुकटात वाचावी म्हणून हुबेहूब त्याच्यासारखी नटते. त्यांनी हे सारं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, 'म्हणजे विष पचवणारी आहे. मग राहू दे.' दहा पानांची माळ मारुतीला गेली. सातवं पान त्यांनी पुन्हा रुईच्या बेचक्यात खोचून ठेवलं. तेव्हापासून त्या माळ ओवण्याआधी पानं उलटून बघतात, आणि अळीचं पान सोडून देतात. फवारणीचा विषय पुढच्या सभेत निघाला तेव्हा मी तोंड उघडायच्या आत आजींनी तो मिटवला.

तेव्हा देशी कुठलं, याची माझी एक व्याख्या तयार झाली होती: ज्याच्या पानाला भोक पडतं ते आपलं झाड. ती मी सभेत मांडणारही होते. पण कुंडीतल्या पानफुटीनं घात केला. पानफुटी मूळची मादागास्करची, गुलमोहराच्या गावची, आणि रेड पियरो फुलपाखराच्या अळ्या तिच्या मांसल पानात शिरून आतून ते पोखरत होत्या, कसलाही भेदभाव न करता. व्याख्या मी मागे घेतली. गुलमोहराखालून मेमध्ये जाताना मीही मान वर करते, तेव्हा फार ताणण्यात अर्थ नव्हता.

बाकीच्या नोंदी धावत्या सांगते. 'गुलाबाची पाने कोणीतरी कात्रीने गोल कापते, मुलांना समज द्यावी.' मुलांना समज देऊन झाल्यावर कळलं की ती पानं कापणारी माशी आहे आणि घराला अस्तर लावायला तुकडे नेते. मुलांची माफी मागायची राहिली. 'पंपाच्या स्विचमध्ये माती भरली आहे': कुंभारीण माशी, आत बेशुद्ध करून ठेवलेल्या अळ्यांसकट. इलेक्ट्रिशियननं दोनशे रुपये घेतले. 'लाल तोंडाचा सरडा भिंतीवर जोर मारतो': नर आहे, विणीचा काळ आहे, जोर मादीसाठी आहे.

आणि साप. एका मे महिन्यातल्या सकाळी दोन धामणी कुंपणापाशी एकमेकींना विळखे घालून हातभर उभ्या राहिल्या. पाच मिनिटांत गॅलऱ्या भरल्या. कोणी म्हणालं त्यांच्यावर नवं कापड टाका, ते घरात ठेवलं की बरकत येते. कोणी म्हणालं शेपटीत विष असतं. कोणी गाईचं दूध पितात म्हणालं, पण सोसायटीत गाय नसल्यानं तो मुद्दा मागे पडला. सर्पमित्र मोटरसायकलवरून आला तोवर त्या निघून गेल्या होत्या. फोनवरचं चित्रण पाहून तो म्हणाला, हे मीलन नाही, दोन नरांची कुस्ती आहे, आणि धामण बिनविषारी, खाते उंदीर. मग त्यानं कचऱ्याच्या खोलीकडे पाहिलं आणि विचारलं, 'उंदीर आहेत?' सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. खजिनदार म्हणाले, 'होते.'

एक दिवस एम.एस्सी. करणारी आमच्यातलीच एक मुलगी वहीच्या पानांचे फोटो काढून घेऊन गेली. परत आली ती तक्ता घेऊन. चार वर्षांत कोकीळ कोणत्या तारखेला सुरू झाला, तांबट कधी, बहाव्याची फुलं लिफ्टपाशी 'कचरा' म्हणून कधी नोंदली गेली, पहिला मृगाचा किडा कुठल्या आठवड्यात कुणाच्या चपलेवर सापडला, सगळं तारीखवार. मला म्हणाली, 'काकू, इतकी नियमित निरीक्षणं आमच्या विभागात पण मिळत नाहीत.' दुर्गाबाई भागवतांनी प्रेमानं 'ऋतुचक्र' लिहिलं. आमच्याकडे ते वैतागून लिहिलं गेलं. पण वैतागलेला माणूस तारीख चुकवत नाही.

यंदा जानेवारीत शेजारच्या प्लॉटवरचा जुना उंबर पडला. पडला म्हणजे पाडला. तिथे बारा मजले होणार आहेत. आमच्या बागेत येणारे निम्मे पक्षी त्या उंबरावर जेवून मग आमच्याकडे यायचे, हे आम्हाला तो गेल्यावर कळलं. आमच्याकडेही एक उंबर आहे. तीन वर्षांपूर्वी गच्चीच्या पाइपाच्या फटीत उगवला होता, कुठल्यातरी पक्ष्यानं टाकलेल्या बीचा. 'पाइप फुटेल, तातडीने काढावे' अशी तक्रार होती. माळीमामांनी तो मुळासकट काढला आणि मला न विचारता कोपऱ्यात लावला.

२ मार्चला वही कोरी. ५ तारखेला कोरी. १२ मार्चला काकांचं अक्षर दिसलं: 'कोकीळ अद्याप सुरू झालेला नाही. मागील चार वर्षांच्या नोंदी पाहता विलंब झाला आहे. बाग समितीने कारण कळवावे.' पंधरा दिवसांची मुदत होती. मी तीन दिवस उत्तर लिहिलं नाही. पहाटे साडेचारला मात्र उठून गॅलरीत जात होते. खालच्या मजल्यावरच्या गॅलरीत दिवा दिसायचा.

१६ तारखेला, ४.५२ला, तो ओरडला. कडुनिंबावरून नव्हे, टेकडीकडून कुठूनतरी. सकाळी मी 'तक्रारीचे निवारण झाले' असं लिहायला खाली गेले, तर काकांनी आधीच लिहून ठेवलं होतं: 'आज ओरडला. पण लांबून. पाठपुरावा करावा.'

मी उत्तराच्या रकान्यात लिहिलं: 'कोपऱ्यातला उंबर खांद्याला लागला आहे. फळ धरायला अजून काही वर्षे जातील.' आणि सही केली.